चुलीचा पालथा दगड

त्या सहलीत मला एकच काम दिलेलं होतं, तोंड बंद ठेवायचं. भाकऱ्या थापणं, पाण्याचे कॅन भरणं, चादरी-ताडपत्री बांधणं हे मी करणार होतेच, ते कुणी काम धरत नाही. काम म्हणजे हे, की समोरच्यांनी माझ्या माहेराबद्दल काही विचारलं तर मी नुसतं हसायचं आणि आमच्या ह्यांच्याकडे बघायचं. पुढचं हे बघून घेणार होते. माझ्या थोरल्या भावानं पुण्याहून फोन करकरून बजावलं होतं. मी म्हटलं, दादा, मी काय कुणाचं चोरलंय? तो म्हणाला, चोरलं नाहीस, पण तोंड उघडलंस तर पोरीचं जमत आलेलं मोडशील.

पोरीचं जमत आलं होतं ते खरं. माझी मुलगी बोईसरला एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. तिथंच काम करणारा नाशिकचा मुलगा तिनं स्वतः पसंत केला आणि त्यानं तिला. एरवी ही पोर दगडासारखी, हसायचं तरी ठरवून हसेल. पण त्याचा फोन आला की चाळीच्या गॅलरीत जाऊन एका पायावर उभी राहून तासभर बोलायची. तेव्हाच मी ओळखलं, ही आता दुसरीकडे देता यायची नाही. जात, शिक्षण, पत्रिका, कुठंच काही अडलं नाही. अडलं ते मुलाच्या आईपाशी. त्या बाईंचा फोन आला की पहिला प्रश्न, घर कुठं आहे तुमचं? दुसरा प्रश्न, स्वतःचं ना? आणि तिसरा, गावी काय आहे?

मध्यस्थी माझा भाऊ करत होता. त्यानं ठोकून दिलं, बोईसरला टू बीएचके फ्लॅट, गावी बंगला, भोवती डाळिंबाची बाग. ऐकून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आमची एक खोली, एक स्वयंपाकघर आणि वर माळा. आहे स्वतःचं, पण त्याला टू बीएचके म्हणायचं तर शेळीला हत्ती म्हणायला काय हरकत आहे. आणि गावी, नगरकडच्या माळावर, चार बाभळी आहेत आणि एक शेंदूर फासलेला देव. बंगला कुठून असणार? माझ्या बापाला घरच नव्हतं. मेंढरं होती.

दिवाळी झाली की आम्ही घाट उतरून खाली यायचो. इकडं भाताची कापणी झालेली असायची. शेतकरी मेंढरं आपल्या शेतात बसवून घ्यायचे, त्यांना लेंड्यांचं खत मिळायचं, आम्हाला भात मिळायचा. आज ह्या शेतात, परवा त्या. बायका घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढं निघायच्या, तळ टाकायच्या, तीन दगड मांडून चूल पेटवायच्या, मागून पुरुष मेंढरं घेऊन दिवेलागणीला पोचायचे. मी वैतरणेच्या खाडीच्या अलीकडे एका बांधावर जन्मले. माझ्या आईला ते शेत नंतर कधीच दाखवता आलं नाही, कारण सगळी शेतं सारखीच दिसायची. तळ उठवताना ती एक गोष्ट कधी चुकवायची नाही. राखेवर पाणी ओतायची, चुलीला हात लावून कपाळाला लावायची आणि मग तिन्हीतला एक दगड उचलून पालथा घालायची, काळी बाजू मातीत. म्हणायची, उभी चूल टाकून गेलं की घर मागं राहतं आणि पाय अडखळतात. ज्याला घर नाही त्यानं मागं घर ठेवून कसं चालेल?

मी परकर नेसायच्या वयाची होते तेव्हा रोग आला, निम्मी मेंढरं एका थंडीत गेली. बापानं उरलेली विकली आणि बोईसरच्या एका कारखान्यात हमालीला लागला. आम्ही छपराखाली आलो. ह्याची मला लाज कधीच वाटली नाही. लाज वाटते ती भावाला. त्याला तर लहानपणी घोड्यावर बांधून नेलेलं आठवतसुद्धा नाही म्हणतो. आई सांगायची, त्याच घोड्यानं त्याला दोनदा पाडलं होतं. डोक्यावर पाडलं असावं.

असो. मुलाकडच्यांनी कळवलं, प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्टी आहे, आम्ही घर बघायला येतो. आमच्या घरात पळापळ. ह्यांनी घाबरून फोनवरच सांगितलं, घराचं रंगकाम काढलंय, सगळं सामान बाहेर आहे. भावानं त्यावर कळस चढवला. म्हणाला, उत्तमच, मग त्यांना दोन दिवस समुद्राकाठानं फिरवून आणा, केळव्याला खोल्या घ्या, घराची गोष्टच नको. अशी ती सहल ठरली. एका खोट्याला झाकायला दुसरं, दुसऱ्याला झाकायला आख्खा समुद्र.

ह्यांच्या शिफ्टमधल्या मित्रानं त्याची सात सीटची गाडी दिली. मुलगा चालवणार होता. पालघरच्या एसटी स्टँडवर आम्ही त्याच्या आई-वडिलांना घेतलं. वडील निवृत्त झालेले, मऊ बोलणारे, कुठंही मान डोलावणारे. आई मात्र ताठ. अजून विहीणबाई झाल्या नव्हत्या, पण मी मनात तेच म्हणत होते, म्हणून तेच लिहिते. अंबाडा घट्ट, पदर खांद्यावर पिनेनं पक्का, सीटला पाठ न टेकता बसलेल्या. सामान गाडीत मावेना तेव्हा त्यांनी सगळ्यांना बाजूला सारून स्वतः लावलं, डावीकडं एक बोचकं की उजवीकडं तेवढ्याच वजनाचं दुसरं. मी म्हटलं, बाई शिस्तीची आहे, माझ्या पोरीचं काही खरं नाही.

केळव्याच्या रस्त्यालाच पहिला प्रश्न आला. तुमच्या माहेरी डाळिंब कुठलं लावलंय? मी तोंडात मिठाची गुळणी धरली आणि ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांना डाळिंब हे लाल असतं एवढंच माहीत. म्हणाले, मोठं लावलंय. मागच्या सीटवर पोरीनं हातरुमालानं तोंड दाबलं.

केळव्याला समुद्र बघितला, सुरूच्या बनात डबे सोडले, पोरांनी एकमेकांचे फोटो काढले. दोघं पाण्याच्या कडेनं चालत लांब गेली आणि परत आली तेव्हा माझी पोर ओल्या सलवारीनं खळखळून हसत होती. मी तिला असं हसताना शाळेनंतर पहिल्यांदा बघितलं. तेव्हा मला भावाचं म्हणणंही पटल्यासारखं झालं. म्हटलं, ह्या हसण्यापायी दोन दिवस मुकी झाले तर काय मरणार आहे? धरू गुळणी.

खोल्यांवर गेलो तर तिथला माणूस डोकं खाजवायला लागला. आमच्या खोल्या त्यानं दुसऱ्याच कुणाला देऊन टाकल्या होत्या. सुट्टीमुळं सगळीकडे गर्दी, शेजारी विचारलं, पलीकडे विचारलं, कुठं पाय ठेवायला जागा नाही. शिरगावला किनाऱ्याशी गाडी लावून बघितली, तिथं एकजण मोटरसायकलवरून आला आणि म्हणाला, अंधार पडल्यावर इथं थांबायला मनाई आहे, दारू पिणाऱ्यांचा त्रास होतो. आमच्यातल्या सगळ्यात तरण्या माणसानं हातात ओआरएसची बाटली धरलेली होती. पण नियम तो नियम.

मग विहीणबाई अगदी साधेपणानं म्हणाल्या, बोईसर इथून कितीसं लांब, तुमच्या घरीच जाऊ की, रंगाचा वास आम्हाला चालतो. ह्यांचा चेहरा भिंतीसारखा पांढरा. म्हणाले, वास फार आहे, डोकं धरतं, चिंचणीकडं बघू, तिकडं खोल्या मिळतात. चिंचणीकडं जायला बोईसरमधूनच जावं लागतं. मी काहीच बोलले नाही. मला तर काम दिलेलं होतं.

बोईसरला नेहमीसारखा ट्रॅफिक. गाडी रांगत रांगत बरोबर आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. ह्यांनी तोंड फिरवून दुसऱ्या बाजूच्या टायरच्या दुकानाचा अभ्यास सुरू केला. तेवढ्यात आमची शेजारीण, बिहारची, भाजीची पिशवी घेऊन समोर. खिडकीतून मला बघितलं आणि तोंडभर हसून म्हणाली, "अरे भाभी, इधर ही घूम रहे हो? चाबी मेरे पास है, घर खोल दूँ क्या?"

मी हात हलवला. सिग्नल सुटला. विहीणबाईंनी विचारलं, कुठल्या घराची चावी? हे म्हणाले, रंगाऱ्यांची. मला त्या क्षणी ह्यांची दया आली आणि रागही आला. तीस वर्षं ह्या माणसानं कारखान्यात उभं राहून, पोटाला चिमटा घेऊन ती खोली उभी केली, मी तिच्या दारात रोज रांगोळी काढते, आणि आज त्याच खोलीसमोरून आम्ही तोंड लपवून चाललो होतो. माझ्या बापानं दुसऱ्याच्या बांधावर झोपून कधी तोंड लपवलं नव्हतं.

चिंचणीच्या अलीकडे, किनाऱ्यावरच्या नवापूरला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सुरूच्या झाडांमागं ओहोटीची वाळू, बाजूला बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत घातलेले, उत्तरेला अणुकेंद्राची धुराडी. वारा फिरला की मागून एमआयडीसीचा वास, तो आम्हाला घरचाच. हे म्हणत होते, अजून पुढं बघू. व्याह्यांची मान सीटवर डुलायला लागली होती. पोरगी दमून गप्प झालेली. मी मुलाला म्हटलं, बाळा, गाडी थांबव.

तो थांबला. ह्यांनी मागं वळून बघितलं, कारण सकाळपासून मी पहिल्यांदाच काहीतरी ठरवलं होतं. मी म्हटलं, इथंच झोपू. ताडपत्री आहे, चादरी आहेत, भाकऱ्या आहेत. मुलगा एकदम खूश झाला, म्हणाला, काकू, लोक ह्याला पैसे मोजतात, तंबूत झोपायला मुंबईहून येतात. मी म्हटलं, मोजू देत, आपण फुकट झोपू. विहीणबाई खाली उतरल्या, चपला काढून हातात घेतल्या आणि वाळूत उभ्या राहिल्या.

बोंबील गोळा करणाऱ्या एका बाईला मी जाऊन विचारलं. काठाच्या गावात न विचारता तळ टाकू नये, हे मला कुणी शिकवायला नको. तिनं वरपासून खालपर्यंत आम्हाला बघितलं, दोन म्हातारी जोडपी आणि दोन पोरं, आणि म्हणाली, "झोपा की. दर्या काय माज्या बापाचा हाय? फक्त त्या दांड्यांखाली नको, सकाळी आमी माल काढतो." वर घरातून पाण्याची कळशी आणि वाटीभर ओले बोंबीलही दिले. कुठले तुमी, विचारलं तिनं. मी म्हटलं, बोईसरच्या चाळीतले. हे जवळ नव्हते, म्हणून एवढं तरी खरं बोलता आलं.

आणि मग मला कुणी आवरू शकलं नाही. माझे हातच मला विचारत नव्हते. वारा कुठून येतो बघितलं, उंचवटा बघितला, भरतीची ओली रेघ बघितली, मुंग्या आहेत का बघितलं. ताडपत्री सुरूच्या दोन खोडांना अशी ताणली की खालून वारा नाही आणि वरून दव नाही. तीन दगड आणले, वाऱ्याकडं पाठ करून मांडली चूल. सुरूच्या वाळक्या काटक्या, एक काडी, धूर, जाळ. चाळीतल्या गॅसवर माझा स्वयंपाक इतका भराभर कधी झाला नाही. इतक्या वर्षांनी माझं अंग एकदम हलकं झालं होतं.

मान वर केली तर विहीणबाई माझ्या हातांकडे टक लावून बघत होत्या. म्हणाल्या, तुम्हाला बरीच सवय दिसते ह्याची. हे लगेच पुढं झाले. म्हणाले, शाळेत असताना हिला स्काउटची फार आवड होती.

स्काउटची! मी चौथीतून शाळा सोडली, आणि त्या चार इयत्तासुद्धा चार गावांत झाल्या. माझ्या हातातला बोंबील तव्याबाहेर पडला. मी उठून उभी राहिले.

"स्काउट नाही. मेंढरं," मी म्हटलं. "माझा बाप मेंढरं राखायचा. मी बांधावर जन्मले. गावी बंगला नाही, बाग नाही, चार बाभळी आहेत. बोईसरला एक खोली आहे, मघाशी जिची चावी होती ती. रंग लागून सहा वर्षं झाली तिला. आता काय ते ठरवा."

 व्याह्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा खाकरला. हे वाळूत बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. विहीणबाईंचा चेहरा एवढा बंद झाला की त्यातून काही वाचता येईना. त्या उठल्या, पाण्याकडं चालत गेल्या आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून तिथं उभ्या राहिल्या.

जेवणं झाली. भांडी घासताना पोर माझ्याजवळ आली. वाटलं, म्हणेल, बरं केलंस आई. ती तोंडावर ओरडली असती तरी मला सोसलं असतं. पण अगदी हळू म्हणाली, "मी त्याला तुझं सगळं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. त्याला काही नव्हतं. आईला तो लग्नानंतर सांगणार होता. तुला दोनच दिवस गप्प बसायचं होतं." आणि रडायला लागली. तिचे डोळे मी पदरानं पुसायला गेले तर तिनं मान वळवली.

 पण मी मागं फिरले नाही, आजही फिरणार नाही. पोटची पोर आहे, तिच्यासाठी मी जीव देईन. पण माझ्या आईबापानं दिलेला जन्म खोटा पाडून तिला सुखात घालायचं, आणि मग आयुष्यभर तिच्या घरी पाहुणी म्हणून जाताना डाळिंबाच्या बागेच्या गप्पा मारायच्या, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं. ह्यांनाही मी तेच सांगितलं. हे म्हणाले, आता झोप. मी पडले, पण घोरण्याचं नुसतं सोंग घेतलं.

उजाडता उजाडता उठले. समुद्र पार आत गेला होता, त्या बोंबीलवाल्या बाईचं काम सुरू झालं होतं. पोरं तोंडं पाडून चादरी झटकत होती. हे आणि व्याही गाडीपाशी उभे, दोघं दोन दिशांना बघत. सगळ्यांनाच घाई होती, नाशिकची एसटी गाठायची आणि हा विषय संपवायचा. मी खोडाची गाठ सोडून ताडपत्री घडी करत होते. विहीणबाई चुलीजवळ होत्या. कळशीत उरलेलं पाणी त्यांनी राखेवर ओतलं, काटकीनं राख कालवली. मी मनात म्हटलं, आग विझवते आहे, शहाणी बाई. मग त्यांनी चुलीला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि डावीकडचा दगड उचलून पालथा घातला, काळी बाजू वाळूत.

माझ्या हातातली ताडपत्री तशीच राहिली. हे कुणी पुस्तकात वाचून करत नाही. टीव्हीवर दाखवत नाहीत. माझ्या भावालासुद्धा हे माहीत नाही. हे ज्याच्या आईनं रोज केलं त्याच्याच हाताला येतं, आणि तेही मन दुसरीकडं असताना.

मी विचारलं, "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

त्यांनी दगडाकडं बघितलं. मग स्वतःच्या बोटांकडं, त्यांना काजळी लागली होती. व्याही चार पावलं पुढं आले, म्हणाले, अगं, चल, उशीर होतोय. त्या म्हणाल्या, थांबा हो जरा. आणि वाळूतच बसल्या, टाचांवर, आमच्या बायका बसतात तशा.

त्यांचं माहेर सिन्नरकडचं. नऊ-दहा वर्षांच्या होईपर्यंत त्यांनी पक्की भिंत बघितली नव्हती. इगतपुरीवरून खाली जव्हारकडे त्यांची मेंढरं यायची. पुढं एका नात्यातल्या लग्नात सासरच्यांनी त्यांना बघितलं आणि मागणी घातली. घरात पाऊल ठेवल्या दिवशीच सासूबाईंनी सांगितलं, आजपासून तुझा बाप बागाईतदार, गाव अमुक, कुणी विचारलं तर हसायचं आणि नवऱ्याकडं बघायचं. सासूबाई वारल्या, तरी तोंडाचं कुलूप तसंच राहिलं. ते काढावं असं कुणाच्या मनातच आलं नाही. भाऊ अजून मेंढरांमागंच आहे. दर थंडीत घाट उतरला की फोन करतो, अक्का, जवळच आहे, येऊ का? आणि त्या दर थंडीत सांगतात, घरात पाहुणे आहेत. सख्खा मामा असून मुलानं त्याला एकदाही बघितलेलं नव्हतं. लग्नात मुलामागं मामा म्हणून उभं राहायला त्यांनी दिराचा साडू ठरवून ठेवला होता.

मुलगा चादर हातात धरून तसाच उभा होता. व्याही खाली बघत होते. सगळं त्यांना ठाऊकच होतं, फक्त ते असं उघड्यावर ऐकायची सवय नव्हती.

माझं मन भरून आलं होतं, पण रागही गेला नव्हता, मला ते दोन्ही एकदम येतं. मी विचारलं, "मग प्रत्येक फोनला मला घर काय विचारत होतात?"

त्या म्हणाल्या, "मला तेच विचारायचे ना सगळे. मुलीकडच्यांना दुसरं काही विचारायचं असतं हे मला ठाऊकच नाही." मग म्हणाल्या, "काल तुम्ही बोललात तेव्हा मला तुमचा राग आला. मी तीस वर्षं गिळलं ते तुम्ही एका बोंबलापायी ओकलात."

मी म्हटलं, बोंबलापायी नाही, स्काउटपायी. त्या हसल्या. हसताना अंबाडा सैल झाला आणि ताठ बाई एकदम माझ्या चुलतबहिणीसारखी दिसायला लागली. माझी पोर येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. 

गाडीत सामान पुन्हा त्यांनीच लादलं, दोन्ही बाजू सारख्या. आता मला कळत होतं का ते, घोड्यावर बिऱ्हाड असंच लादतात. बोईसर जवळ आलं तसा माझा फोन वाजला. भाऊ. मी स्पीकरवर टाकला. त्यानं घाईघाईनं विचारलं, सगळं नीट आहे ना, कुठं उतरवलंस त्यांना, आणि तू काही बोलली तर नाहीस ना?

मी म्हटलं, तळावर उतरवलं, तीन दगड मांडून. आणि बोलले.

पलीकडं तो कपाळावर हात मारून घेत असणार. म्हणाला, घातलास ना घोळ, आता फोन त्यांना दे, मी सावरतो. मी फोन मागं दिला. विहीणबाईंनी तो दोन्ही हातांत धरला. एका बाजूला नवरा, समोर मुलगा गाडी चालवतोय, त्याच्या शेजारी आमचे हे. त्यांनी घसा साफ केला आणि असं बोलल्या की रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जावं.

"दादा, मी मेंढरांमागची पोर बोलतेय. मुलगी आम्हाला पसंत आहे. लग्न पुढल्या थंडीत धरा. माझा भाऊ तेव्हा घाट उतरलेला असतो, मुलामागं तो उभा राहील."

 मग माझ्या भावानं विचारलं, रंगकाम संपलं का? आमचे हे पुढच्या सीटवरून स्वतःच मोठ्यानं म्हणाले, संपलं. मग त्यांनी मुलाला हातानं खूण केली आणि त्यानं गाडी आमच्या गल्लीत वळवली.